उसवलेल्या चुण्या

प्रिय टॉर्क्विल,

तुझं पत्र पोचलं. बाबांना वाढदिवसाची भेट आवडली ना, फोनवर तर फार खूश वाटले, असं विचारलं आहेस. दोन आठवडे मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा लिहिलं असतं तर तू पुन्हा या घराची पायरी चढला नसतास. राग अजूनही उतरलेला नाही, पण आता गप्प बसवत नाही.

तुला सांगितलं काय होतं? बाबांच्या लोकरी किल्टच्या घेराला कसरीनं पाडलेली दोन भोकं रफू करून आण, एवढंच. त्या आठवड्यात माझ्याकडे एका लग्नाचे नऊ किल्ट होते, म्हणून मी, किल्ट शिवून पोट भरणारी बाई, बापाचाच किल्ट तुझ्या हाती एडिनबरोला धाडला. ती चूक माझी, कुणावर ढकलत नाही. पण पुढचं शहाणपण सगळं तुझं. दुकानातला तो गुळगुळीत माणूस म्हणाला, "साहेब, या चुण्या कुणीतरी चुकीच्या घातल्यात," आणि तू मान डोलावलीस! किन्यूसीत जन्मलेला तू! पाठीवर मधोमध एक रुंद चुणी, तिच्या डावीकडच्या सगळ्या डावीकडे वळलेल्या, उजवीकडच्या उजवीकडे. ही आपल्या गावाच्या नावानं ओळखली जाणारी रीत आहे, गाढवा. ती चूक वाटली तर निदान मला एक फोन करायचास. बहीण काय बटणं लावते का?

आणि नुसतं उसवून एका दिशेला वळवलं असतं, तरी मी पुन्हा घातल्या असत्या चुण्या. पण त्यांनी कात्री चालवली. कंबरेशी जाड होतं म्हणून चुण्यांच्या आतलं कापड कापून टाकलं. आई कधीच कापत नसे. म्हणायची, "कापड शाबूत असलं की नातवाच्या अंगावरसुद्धा नव्यानं चढतं." लग्नाआधीच्या हिवाळ्यात तिनं बाबांसाठी शिवलेला तो तिचा पहिला किल्ट. काही टाके वाकडे होते, ते तिनं मुद्दाम तसेच ठेवले होते. आता एकही उरलेला नाही. मी आतून उलटून पाहिलं आणि शिवणकामाच्या टेबलावर डोकं टेकून रडले, हे तुला कळायलाच हवं.

ऐंशीव्या वाढदिवसाला चर्चच्या हॉलमध्ये तू बाबांसमोर खोक्यातून तोच किल्ट भेट म्हणून काढलास, टाळ्या झाल्या, आणि आगगाडी पकडायची म्हणून निघून गेलास. पुढचं तू पाहिलं नाहीस. नाचात बाबांनी पहिलीच गिरकी घेतली आणि भाड्याच्या किल्टसारख्या सगळ्या चुण्या एकाच अंगाला उडाल्या. मागून फिनलेकाका ओरडले, "अरे मर्डो, भाड्यानं आणलास का रे?" पन्नास वर्षं शिंटीचे सामने बघायला ते बाबांच्या मागोमाग मैदानावर गेले, ती पाठ त्यांना पाठ होती. सगळे हसले, बाबाही हसले. मग खुर्चीवर जाऊन बसले, ते उठलेच नाहीत.

त्यानंतरचे दोन्ही रविवार बाबा पँट घालून चर्चला गेले. शिंटीच्या सामन्याला जाणं तर त्यांनी सोडलंच. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा! त्याच सकाळी टेकडीपलीकडे चालत जाऊन मटण घेऊन आले होते. मी म्हटलं, बाबा, गिरणीतून तीच चौकडी विणून घेते, महिन्याभरात नवा किल्ट देते, चुण्या आईसारख्याच. तर माझ्यावर डाफरले, "खबरदार! नवा दिसला की पोराला कळेल. त्यानं हौसेनं केलंय. तू त्याला एक अक्षर सांगायचं नाहीस, शपथ घे." मी घेतली. फोनवर तुझं कौतुक करतात ना, ते असं असतं.

काल त्यांनी तो किल्ट कपाटातून काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "ऊना, हा जपून ठेव. शवपेटीत मला हाच घाला. उताण्या माणसाची पाठ कोण बघतंय?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. धडधाकट माणूस आहे रे, अजून दहा वर्षं नाचेल. तुझं मन दुखू नये म्हणून त्यानं पाठ दाखवणंच सोडलं आहे. म्हणून शपथ मोडून हे लिहिते आहे. कापड मी त्यांना न विचारता मागवलं, ते आलंय. बाबा मला माप घेऊ देणार नाहीत. तू म्हणालास तरच देतील. शनिवारी ये. भेटबीट काही आणू नकोस. त्यांच्यासमोर उभा राहा आणि म्हण, "बाबा, माझ्याकडून वाटोळं झालं, ताईला नवा शिवू द्या."

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ऊना