बूटलोडरचं शेपूट

कात्रज, पुणे
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय दीपमाला,

सप्रेम नमस्कार, आणि काका-काकूंना माझा साष्टांग. तू मला सगळीकडे ब्लॉक केलं आहेस, म्हणून पोस्टाने गाठते आहे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, तेवढं बरं!

इकडे सगळं ठीक. मेसच्या मथुराबाई अजून भाजीत पाणी घालतात. तू कारंज्याच्या शाळेत एक तारखेपासून क्लार्क होणार, असं ऑफिसातल्या सौरभकडून कळलं. अभिनंदन करायला पेन उचललं, पण हात चालेना.

तू नोकरी सोडून गेल्यावर तुझं काम माझ्याकडे आलं. तुझी जागाही. मी ती मागितली नव्हती. हे सांगायला तेव्हाच फोन केला, तर तू उचलला नाहीस.

दूध केंद्रांवरून आपली फॅट मोजायची मशिनं बंद पडून येतच होती. आपल्या कारखान्याच्या शेडमध्ये मात्र तीच मस्त चालायची. आई फोनवर म्हणाली, हा तुमचा बूटलोडर म्हणजे काय गं? म्हटलं, वीज आली की चिपला उठवणारा छोटा प्रोग्राम. तोच बिघडला तर मशीन उठणार कसं? आईला लगेच कळलं. आपल्या मालकांना, हिंदुराव सरांना, मात्र कळेना.

शेवटी एका बंद मशिनची फ्लॅश मेमरी वाचून काढली, तर तू लिहिलेल्या बूटलोडरचं शेपूटच गायब! आपल्याच मशिनने पुसलेलं. केंद्रावर कुणी दुधाचा दर बदलला, की तो साठवायला मशीन मेमरीचं एक पान पुसतं. जुन्या चिपमध्ये ते पान लहान होतं, या चिपमध्ये दुप्पट आहे. दराबरोबर शेजारचं तुझं शेपूटही जायचं. मग वीज जाऊन आली की संपलं. शेडमध्ये दर बदलतो कोण?

चिप बदलली का, हे तू तेव्हाच विचारलं होतंस. हिंदुराव सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "चिप तीच हाय. तुजा प्रोग्रामच कच्चा हाय." चिप त्यांनीच आणली होती. दिसायला तशीच आणि मेमरी जास्त, म्हणून स्वारी खूश!

काल मी दराची जागा लांबच्या पानावर नेली, बूटलोडर पुन्हा भरला. सरांसमोर दर बदलला, वीज घालवली, परत दिली. मशीन उठलं. पुन्हा करून बघितलं, पुन्हा उठलं. मग सर म्हणाले, "पोरीवर उगाच आळ घातला म्या. तिला कळीव."

म्हटलं, "अहो सर, आळ तुम्ही घातलात. कळवायचं मी का?"

त्यांनी तिथेच सगळ्यांना बोलावून चूक कबूल केली. येत्या रविवारी ते गाडी घेऊन कारंज्याला येताहेत, काका-काकूंसमोर तेच सांगायला आणि तुला परत बोलवायला. यायचं की नाही, ते तू ठरव. शाळेतली नोकरीही काही वाईट नाही.

खोटं कशाला बोलू? तुझ्यासाठी वाईटच आहे. मेलेला बोर्ड उठला की टाळ्या पिटणारी मुलगी तू, दाखले कसले लिहितेस! आणि मला तुझ्यावाचून अजिबात करमत नाही. एवढं एक वाक्य लिहायला हा सगळा कागद लागला.

सरांना चहा दे, नाहीतर नको देऊस. त्यांच्या शेजारच्या सीटवर मी असेन. मला मात्र दार उघड.

उत्तराची वाट न बघता निघणारी,
तुझीच,
संस्कृती