साइडपट्टी

बाई, आपला बदनापूरचा रस्ता आता सिमेंटचा झालाय. तुम्ही असतात तर पहिल्या दिवशी खूश झाला असतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी झापलं असतंत. रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे, आणि गाड्या अशा सुटतात की फाट्यावर नुसतं उभं राहिलं तरी पदर धरून ठेवावा लागतो. जालन्याकडून सळईचे ट्रक येतात, मागं हातभर सळया बाहेर निघालेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेलं, तेही धुळीनं मातकट. समोरून भंगाराचे येतात. मुरमाच्या टिप्परांना तर अंतच नाही. कडेची लिंबाची झाडं गेली. सायकलवाल्यांसाठी काय ठेवलं म्हणाल, तर काही नाही. रस्ता उंच झाला आणि कडेची मातीची साइडपट्टी होती तिथंच राहिली. सिमेंट संपलं की एकदम वीतभर खाली, आणि खाली खड्डे, बाभळीचे काटे, फुटक्या बाटल्या. भर टाकायचं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि राहून गेलं.

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस मला आठवतो. आबा मेंढरं सोडत होते. तुम्ही पदर कमरेला खोचून सायकलीवरून आलात तेव्हा वस्तीवरची कुत्री आधी तुमच्यावर धावून आली आणि मग का कोण जाणे, गप्प बसली. मी आत चुलीपुढं भाकरी थापत होते. तुम्ही ओसरीवर बसून म्हणत होतात, पोरगी हुशार आहे, गावातली शाळा संपली, आता बदनापूरला धाडा, सायकल मी शिकवते. आबा म्हणाले, "बाई, पोरीची जात. सायकलीवर बसून निघाली तर लोक हसतील ओ." तुम्ही म्हणालात, "हसू द्या. चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी त्यांना दुसरं काही तरी सापडेल. तुम्ही बिलकुल घाबरू नका." जुन्या जालन्याच्या कापडगल्लीत वाढलेल्या तुम्ही, 'बिलकुल' असं म्हणायचात की पुढं बोलायची सोयच राहायची नाही. आबा हसले. "तुमच्यापुढं कोण बोलणार? न्या मंग." मी ऐकत बसले आणि तव्यावरची भाकरी जळाली. आईनं मला डोक्यात एक टोला दिला, पण तोही हसत.

शाळेच्या मैदानावर आम्हा मुलींना तुम्ही सायकल शिकवलीत, त्यातलं निम्मं शिकवणं ट्रकचंच होतं. आम्ही गोल फिरायचो, तुम्ही मागून पळत यायचात आणि तोंडानं हॉर्न वाजवायचात. जी मान वळवेल तिच्या पाठीत छडी. "हॉर्न वाजला की मागं बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं. सरळ साइडपट्टीवर उतरायचं आणि पायडल मारत राहायचं. गाडी जाईल तिच्या वाटेनं." तुमचा तो पोंऽ आवाज ऐकून आम्हाला हसू आवरायचं नाही. रस्त्यावर ते उपयोगाला आलं. तेव्हा साइडपट्टी रस्त्याला लागून असायची, चाक कधी मातीत गेलं ते कळायचंसुद्धा नाही.

आणि असाच आठवतो तो आणखी एक दिवस. उसाच्या ट्रॉलीची साखळी धरून मी चढ चढत होते. पाय मोकळे, वारा तोंडावर, राणीच्या थाटात. तुम्ही मागून सायकलीवर येत होतात, मला माहीत नव्हतं. रस्त्यात तुम्ही हाक मारली नाहीत, मारली असती तर मी दचकून पडले असते. शाळेत पोचल्यावर मला वर्गाबाहेर घेतलंत. मी हात पुढं केला. तुम्ही छडी मारलीच नाहीत. "तू मेलीस तर तुझ्या बापाला मी काय सांगू?" एवढंच म्हणालात, आणि तुमचा आवाज फाटला. मला तेव्हा वाटलं, बाई फार चिडल्या. तुम्ही भ्यालेल्या होतात हे कळायला मला माझे केस पिकेपर्यंत थांबावं लागलं. रोज सकाळी फाटकात उभ्या राहून तुम्ही आमची नखं तपासायचात. नखं कसली, शेवटची सायकल आत येईपर्यंत तुमचा पाय तिथून निघत नसे. भीत होतात, आणि तरी आम्हाला रोज बोलावत होतात. हे तुम्हाला कसं जमलं, ते विचारायचं राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, परीक्षा चालू होती, मला कुणी कळवलंसुद्धा नाही.

माझ्या भाचीला, धाकट्या भावाच्या मुलीला, सायकल मी शिकवली. तुमच्यासारखीच, मागून पळत, तोंडानं हॉर्न वाजवत. ती अकरावी सायन्सला गेली. शेजारच्या वस्तीवरची मैत्रीण आणि ती, दोघी मिळून बदनापूरला जायच्या. एका सकाळी भाची पुढं होती आणि मैत्रीण मागं. मुरमाचा टिप्पर मागून आला, त्यानं हॉर्न दिला. दोघींनीही मागं पाहिलं नाही, दोघीही खाली उतरल्या. भाची उतरली तिथं शेताची वाट रस्त्याला येऊन मिळते, जमीन सपाट आहे. मैत्रीण उतरली तिथं ती वीतभर पायरी होती. पुढचं चाक खाली गेलं, मागचं सिमेंटवर राहिलं, सायकल आडवी झाली आणि ती पोर रस्त्यावर, टिप्परच्या पुढ्यात पडली. टिप्परवाला थांबला, हे खरं ते सांगितलं पाहिजे. लोकांनी त्याला मारलं, ते वेगळं. पण भाची थांबली नाही. टिप्पर तिच्या बाजूनं पुढं गेलाच नाही, तरी ती पायडल मारत राहिली. समोरून आलेल्या एका मोटरसायकलवाल्यानं हात आडवा करून तिला थांबवलं, तेव्हा तिनं मान वळवली.

मी बदनापूरच्या दवाखान्यात ड्यूटीवर आहे. टेम्पो येतो. मागं भाची बसलेली आहे, मांडीवर मैत्रिणीचं डोकं. डॉक्टर नाडी बघतात, हात सोडतात आणि माझ्याकडं बघतात. मग माझं काम सुरू होतं. मी तिचं तोंड पुसते, वेण्या सारख्या करते, युनिफॉर्म झाकते. तिची आई येते, बाहेरच्या बाकाशी उभी राहून मला विचारते, "सिस्टर, तिला तहान लागली असंल. पाणी देऊ का?" इतकी वर्षं मी हे काम करते. मला त्या बाईला नुसतं बाकावर बसवता आलं. भाची कोपऱ्यात उभी होती. मला म्हणाली, "आत्या, मी मागं बघितलंच न्हाई. तू म्हणल्तीस ना, बघायचं न्हाई." मी म्हणाले, "बराबर केलंस." दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी मला तुमचा राग आला, बाई. मेलेल्या माणसाचा राग येतो का? येतो. आणि असा येतो की तो कुणावर काढावा ते कळत नाही. तुम्ही शिकवलं ते चूक नव्हतं, त्याखालची जमीनच कुणी तरी काढून घेतली होती.

पुढच्या आठवड्यात भावानं मला बोलावून घेतलं. "अक्का, एसटी हात करून बी थांबत न्हाई फाट्यावर. रिक्षाला बाहेरून पोरं लोंबकळून राह्यलेत, तिच्यात मी पोरीला घालत न्हाई. राह्यली सायकल. आता तू सांग. तू रोज बघून राह्यलीस दवाखान्यात काय काय येतं ते. तू म्हण पाठव, मी उद्या पाठवतो." मी म्हणाले, माझ्याकडं राहू दे. तो म्हणाला, "तुझी रातपाळी असती. जवान पोरगी एकटी ठेवू का खोलीवर?" मी फार ताणलं नाही. भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ, डोळे माझ्याकडं. मी भांडखोर बाई आहे, तुम्हाला माहीत आहे. माझा आवाज चढला की डॉक्टरसुद्धा चष्मा पुसायला लागतात. आबांना लोकांची भीती होती, लोकांना उत्तर देता येतं. भावाला टिप्परची भीती होती, आणि टिप्परला मी काय उत्तर देऊ? मी म्हणाले, "बघू." आपल्याकडं बघू म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

निघाले तेव्हा भाची माझ्या मागं फाट्यापर्यंत आली. "आत्या, मी सायकल ढकलत नेईन ना. टिप्पर आला की खाली उतरून उभी राहीन. पहिला तास बुडला तर बुडू दे. तू फक्त बाबाला हो म्हण." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रिक्षात बसले.

काल वहिनीचा फोन आला. स्थळ आलंय. मुलगा जालन्याला कंपनीत कामाला आहे, घरची शेती आहे. मी म्हणाले, "अगं, तिचं वय कुठं बसतंय?" वहिनी म्हणाली, "साखरपुडा तर करून ठेवू. लग्न मंग बघता येईल. तसं बी घरीच बसून राह्यली ती." कायदा मी रोज दुसऱ्यांच्या आयांना समजावून सांगते, त्याचं पोस्टर माझ्या टेबलामागंच लावलेलं आहे. रविवारी मी जाणार आहे, भांडणारही आहे, आणि मला माहीत आहे की मी उशिरा निघाले आहे.

हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठं? आणि भाचीला तर हे मी कधीच दाखवणार नाही, ते एकाच कारणासाठी. वहिनी फोनवर बोलत होती तेव्हा मला संताप यायला हवा होता. तो आला, पण मागून. आधी मनात आलं, चला, आता ही पोर त्या रस्त्यावर जाणार नाही. आणि बाई, मला हायसं वाटलं.