सुटे सूर

दादा,

हे पत्र तुला धाडणार नाही, म्हणूनच सगळं खरं लिहितो.

इथे उन्हाने डांबर चपलेला चिकटतं. स्टुडिओत तरी गारवा असेल म्हटलं, तर एसीची घरघर रेकॉर्ड होते म्हणून तोही बंद. घामाने क्लॅरिनेटवरून बोटं घसरत होती आणि मी एकेक सूर सुटा वाजवत होतो. धून नाहीच.

"हे सूर मशीनमध्ये गेले की ती तुमच्यासारखी हवी ती धून वाजवेल," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"आणि माझा श्वास?"

"तो कापून टाकू, काका."

एरवी मी भाषणच ठोकलं असतं. श्वास कापलात तर कारखान्याच्या भोंग्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? पण अंग आंबून गेलं होतं. शब्द दिला होता, वाजवत राहिलो. आता मला कोण कशाला बोलावेल? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

निघताना त्याने हौसेने विचारलं, "तुमचे थोरले भाऊ तुमच्याहून गोड वाजवतात म्हणे. त्यांनाही आणा की!"

"दादा गेला हो. मागच्याच उन्हाळ्यात."

बिचारा हळहळला. त्याने मला बसवून गार पाणी दिलं आणि मी ते निर्लज्जासारखं प्यायलो.

घरी आल्यावर तुला एवढंच सांगेन: कुणी अनोळखी दारात आलं तर तू माझा चुलतभाऊ आहेस, आणि तुला क्लॅरिनेटमधलं ओ की ठो कळत नाही.

तुझा,
दमलेला धाकटा