सहाव्या बोटाच्या आड

लँकेस्टर, ता. १४ मार्च १९९१

प्रिय फॅनीस,

ताईचा प्रभूच्या नावाने सलाम. इकडे बर्फ वितळून चिखल झालाय, घोडी व्याली, तुझ्यासाठीची गोधडी अर्ध्यावर पडून आहे. मंगळवारी आपली लविना बाळंत झाली. मीच सोडवली. मुलगी. दोन्ही हातांना सहा-सहा बोटं.

"घ्या, आमच्या घराण्याचा शिक्का!" जावई बेन्यूएल हसला. "माझा भाऊ सहा बोटांनी नांगर काय झकास धरतो! जादा बोटाला दोरा बांधा, आई, गळून पडेल."

आपण सगळे बोटंच बघत बसतो गं. मी ओठ बघितले. जांभळे. दूध ओढताना पोरीला घाम फुटत होता. छातीला कान लावला, तर प्रत्येक ठोक्यामागे लोहाराच्या फाटक्या भात्यासारखं फुसफुसत होतं.

"इस्पितळात न्यायची. आत्ता."

"तिथे छाती फाडतील तिची. देवाने दिली, देव बघेल."

शेताच्या कडेच्या सामायिक फोनच्या खोलीकडे निघाले, तर बेन्यूएल आधीच घराचं दार अडवून उभा. माझ्या हातात चुलीतला लोखंडी गज होता.

"हो बाजूला."

"नाही, आई."

हाणला तोंडावर. दात उडाला, रक्त माझ्या एप्रनवर. आपल्या पंथात मारणाऱ्यावर हात उचलायचा नाही. त्याने नाही उचलला. दुसरा गाल पुढे करून तसाच उभा. फॅनी, मी त्याही गालावर हाणला. जबडा मोडल्याचा आवाज अजून कानातून जात नाही. तो कोसळला, त्याला ओलांडून मी फोन केला.

पोर जिवंत आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये पडदाच नाही. वजन वाढलं की डॉक्टर घालणार आहेत. बेन्यूएलचं तोंड तारांनी बांधलंय. 'माफ केलं' असं त्याने पाटीवर लिहून दाखवलं. मारणं सोपं होतं गं, ते वाचणं जड गेलं.

एवढा कडेलोट का झाला, विचारशील. तेवीस वर्षांपूर्वी तुझ्या इनॉसच्या छातीत मी हेच फुसफुसणं ऐकलं होतं. तू विचारलंस, "ताई, ओठ असे का गं?" मी म्हणाले, "गारठलाय." आणि त्याच्याही जादा बोटांना दोरा बांधत बसले. अर्थ कळला नव्हता. कळत नाही म्हणायची लाज वाटली. नवव्या दिवशी तू त्याला पुरलंस, आणि मी तुझे डोळे पुसले.

रविवारी मंडळीपुढे पापाची कबुली द्यायला गुडघे टेकीन, ते बेन्यूएलसाठी. इनॉससाठी आत्ताच टेकलेत, म्हणून अक्षर वाकडं आलंय. पत्र जाळ हवं तर. पण एकदा येऊन या पोरीचे ओठ बघून जा.

तुझ्या बाळाला गारठलेलं म्हणणारी,
मॅटी