झेंड्याची बिस्किटं

२६ जानेवारी, संध्याकाळ

मी गप्प काहून राहिली? सकाळपासून हेच डोक्यात फिरून राहिलंय.

काल दुपारभर ओव्हनपाशी उभी राहून झेंड्याची बिस्किटं केली. केशरी, पांढरं, हिरवं आयसिंग, मधोमध काडीनं काढलेलं निळं चक्र. त्या चक्राचं तर मलाच फार कौतुक! आज लग्नातल्या स्टीलच्या डब्यात भरून कॉलनीच्या झेंडावंदनाला नेली. पोरांनी अर्धी खाल्ली, अर्धी मैदानातच टाकली. ती चपलांखाली तुडवली गेली.

शेजारचे तिवारीजी फौजेतून रिटायर झालेले. गुडघा धरून खाली वाकले आणि एकेक तुकडा रुमालात वेचू लागले. पडलेले कागदी झेंडे वेचतात ना, तसे. एका तुकड्यावर अर्धं चक्र होतं, दात लागलेलं. ते हातात धरून म्हणाले, "ये किसने बनाए हैं, भई?"

रागावले नव्हते, नुसतं विचारलं. आणि मी? बाकीच्यांसारखी इकडेतिकडे पाहू लागली. डबासुद्धा टेबलावर तसाच सोडून घरी आली. उचलला असता तर कळलं असतं ना सगळ्यांना.

दिवसभर ते अर्धं चक्र डोळ्यांपुढून हललं नाही.

आत्ता तिवारीजी दारात येऊन गेले. "बहूजी, आपका डिब्बा रह गया था." बस, एवढंच.

झाकणावर माझं नाव कोरलेलं आहे. विसरलीच होती मी.

डबा घासूनपुसून आणला होता त्यांनी. आणि रिकामा परत करू नये म्हणून आत मूठभर साखर.