घोंगडी मुकुंदाला जाणार नाही

मी, देवाजी नत्थूजी ढोमणे, वय एकोणपन्नास, धंदा शिलाई, राहणार महाल, नागपूर, आज सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावला, खुंटीवरची आजोबांची घोंगडी काढली, अंगणात झटकली आणि घराबाहेर नेली. ती परत आणली नाही. त्यानंतर हे मृत्युपत्र लिहायला बसलो. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, हस्ताक्षर माझेच आहे. छातीचे दुखणे आहे, पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणी भरीस घातलेले नाही. वकील म्हणाले, रागात लिहू नका. गणपतीपासून थांबलो. राग उतरत नाही, म्हणून रागासकट लिहितो.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी यमुनाबाई हिची. "आमच्याकडे येऊन राहा" असे गोड बोलून कोणी तिच्याकडून घर रिकामे करून घेऊ नये. कोणी म्हणजे कोण, हे तिला माहीत आहे.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री मुलगी प्रेमिला हिला. त्या कात्रीने कागद कापू नये. घराण्यात सांगायच्या गोष्टी (खाली कलम ३) प्रेमिलाला सगळ्या येतात, पण ती म्हणाली, "बाबा, रडणाऱ्याजवळ मले बसवत नाही." खरे बोलली. तिच्यावर राग नाही.

३. आमच्या घराण्यात गोष्ट सांगण्याची सेवा आहे. ज्या घरात दुःखाने माणूस गप्प होतो, त्या घरून बोलावणे येते. सांगणारा उंबऱ्याजवळ घोंगडी टाकून बसतो. सांगणाऱ्याच्याच घरचा दुसरा माणूस मागे बसून "हं, हं" म्हणत हुंकारा देतो. गोष्ट अर्ध्यावर सोडायची. पुढचे त्या दुखावलेल्या माणसाने सांगायचे, जेव्हा तोंड उघडेल तेव्हा. तो शेवट त्या घराचा, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. पाण्याशिवाय त्या घरचे काही घ्यायचे नाही. आजोबांनी व वडिलांनी हे देवाचे काम म्हणून केले. मीही केले.

४. धाकटा भाऊ मुकुंद माझ्यामागे हुंकारा द्यायला बसत असे. आमच्या गल्लीतल्या सिंधूताईचा मुलगा तलावात बुडाला, तेव्हा तिने चूल पेटवणे सोडले. मी तिला कुंभारणीची गोष्ट सांगू लागलो. भट्टी विझली, सगळी मडकी निघाली, एक निघाले नाही. तिथे थांबलो. रोज जायचो आणि रोज तिथेच थांबायचो. एक दिवस सिंधूताईने पुढचे सांगितले आणि उठून चूल पेटवली. ती काय बोलली ते मी या कागदावरही लिहिणार नाही.

मुकुंदाने ते यंदाच्या गणपतीत मंडळाच्या लाऊडस्पीकरवर सांगितले. भोंगा सिंधूताईच्या दारासमोरच्या खांबाला बांधलेला होता. ती आत भाकरी थापत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्याला विचारले, "काहून सांगितलं?"

"तिचं नाव कुठं घेतलं गा दादा मी? लोकायच्या डोळ्याले पाणी आलं. तू एका बाईले सांगतं, मी अख्ख्या चौकाले सांगितलं."

"तिले इचारलं?"

"तिले काय इचारायचं? गोष्ट तं आपलीच हाय."

गोष्ट आपली होती. शेवट तिचा होता. इतकी वर्षे मागे बसून "हं, हं" म्हणणाऱ्याला एवढे कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई दारात आली. "भाऊ, माह्या पोराले चौकात काहून नेलं?" एवढेच बोलली. तेव्हापासून मी कोणाच्या उंबऱ्यावर बसलो नाही.

सबब मुकुंदाला पुढीलप्रमाणे: त्याचा कोट माझ्याकडे शिवायला आहे. बाह्या लागायच्या राहिल्या आहेत. तो तसाच अर्धा द्यावा. पुढचे त्याने करावे. माझ्या तिरडीला खांदा द्यावासा वाटला तर द्यावा, पण दहाव्याला त्याने तोंड उघडू नये.

५. मला मुलगा नाही म्हणून घोंगडी आपल्याकडेच येणार, असे मुकुंद गल्लीत सांगत फिरतो. मागच्या आठवड्यात गल्लीतले मनोहरराव वारले. त्यांची बायको मीराबाई भिंतीकडे पाहत बसली आहे, बोलत नाही. बोलावणे आले. मुकुंद म्हणाला, "दादा, तू पडून राहा. मी जातो. मंडळाचे दोघंतिघं बी येतो म्हणून राहिले ऐकाले." जणू तमाशाच आहे.

तो गेल्यावर सिंधूताई आली. "भाऊ, त्याले धाडू नका. तिच्यापाशी मी बसीन."

मी म्हणालो, "ताई, घोंगडी घराण्याबाहेर जात नाही."

"मंग चौकात कोण घेऊन गेलतं? घराण्यातलाच नं?"

यमुनाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आता बोला." रात्रभर देवाला विचारत राहिलो. पहाटे आजोबा आठवले. ते ज्या घरांत बसले, त्या घरांतली दुःखे कुठली, हे त्यांनी घरीही सांगितले नाही; मला आजतागायत ठाऊक नाही. आमचे घराणे ते आहे. मुकुंद त्यात बसत नाही. सिंधूताई बसते.

आज सकाळी मीराबाईच्या उंबऱ्याजवळ मी घोंगडी अंथरली आणि सिंधूताईला म्हणालो, "बसा." मुकुंद गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या पोरांसोबत उभा होता. त्याने पाहिले. बरे झाले. सिंधूताईने सांगितले, मी मागे बसून हुंकारा दिला. ती मध्येच थांबली. पुढचे माझ्या जिभेवर आले होते, ते गिळले. मीराबाई अजून बोललेली नाही. उद्या पुन्हा जायचे आहे.

६. वकिलांनी समजावले आहे की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये. म्हणून घोंगडी या कागदाने कोणालाही दिलेली नाही. ती सकाळीच देऊन झाली. मुकुंदाला कज्जा करायचा असेल तर घरावर करावा, कोटावर करावा. सिंधूताईला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, सबब तिची सही खाली घेतली आहे.

ठिकाण: महाल, नागपूर
दिनांक: ११ नोव्हेंबर १९७४

लिहून ठेवणार: देवाजी नत्थूजी ढोमणे

देवाजी यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर:

१. कृष्णकांत बाबाराव गायधने, शेजारी
२. सिंधू चंपतराव निनावे