पिसाचे पंख

विरार, १२ डिसेंबर १९९८

सौ. द्वारकेस, हर्णैला सुखात असावीस हा आशीर्वाद.

मी बरा आहे. आपल्या गावच्या विघ्नेशने मला लावले त्या कारखान्यात डोक्यावर पंखा आहे, चहा दोनदा मिळतो. होडी विकल्यापासून तू भावाकडे राहतेस, पोटभर जेवतेस ना? गुडघा कसा आहे?

काम हलके आहे. गळावर पिसाचे दोन पंख बांधून खोटी माशी करायची. परदेशातले लोक ती नदीत सोडतात. पंख ताठ उभे राहिले तर ती कोरडी तरंगते आणि मासा वर येऊन धरतो. पण मी जन्मभर जाळी विणली, गाठ करकचून ओढायची हाताला सवय. पंख चिरतो, नाहीतर आडवा पडतो. महिनाभरात माझी एकही माशी पास झाली नाही.

शिकवणारी हेमाली म्हणाली, "काका, पीस आहे ते, होडी नाही. पळून नाही जाणार. जरा हलक्या हाताने धरा." सगळे हसले. मीही हसलो.

येत्या शनिवारी माशी पास करायची शेवटची संधी आहे. जमले तर खोली घेऊन तुला इकडे आणायचे ठरले होते. जमेलसे वाटत नाही. तू सामान बांधू नकोस.

एक विचारतो. चाळीस वर्षांत तुझा हात धरला तेव्हा तोही असाच आवळला का गं? तू कधी बोलली नाहीस. आता तरी खरे कळव.

तुझाच,
हरिश्चंद्र